फेमीच्या गाण्यातली शिट्टी

शनिवार संध्याकाळ, लीड्स

आज सुपरमार्केटमध्ये फेमीचं गाणं लागलं. लागोसचा फेमी, माझा जुना हाऊसमेट. गाणं आमच्याच किचनमध्ये तयार झालं, माझ्या कुकरची शिट्टी फोनवर रेकॉर्ड करून. "गॅस बंद नको करूस, अजून एक!" म्हणून ओरडायचा आणि माझ्या भाताचा पार लगदा व्हायचा. किती चिडायचे मी! आता तीच शिट्टी जगभर वाजतेय. शेजारी उभ्या गोऱ्या आजी ट्रॉलीवर ठेका धरत होत्या. आणि मी? शिट्टी ऐकताच माझा हात गॅस बंद करायला पुढे गेला. समोर होते फ्रोझन मटार. हसूच आलं, मग उगाच डोळे भरले. त्याला आठवत असेल का तो भात? घरी येऊन कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला उठले, आणि परत बसले. चौथी होऊ दिली.