भिंगावरचं तेल

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चिमणे,

आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांना कोण विचारतंय! तुझी आई रोज फोन वाजायची वाट बघते आणि वाजला की "मला कुठे वेळ आहे" म्हणते. आत्याकडे जेवतेस ना नीट? तिच्या हाताला मीठ नाही, मागून घे.

आपल्या लॅबमध्ये नवं भिंग आलंय. मायक्रोस्कोपचं, खालचं, सगळ्यात मोठं. काल फरशी पुसत होते तर डॉक्टर म्हणाले, "मावशी, बघा जरा. एक ठिपका का दोन?"

मी म्हटलं, "एकच. तोही पुसट."

त्यांनी वरचं, डोळ्याशी असतं ते भिंग बदललं. "आता?"

"मोठा झाला. पण एकच."

"हेच तर! नुसतं मोठं करून काय उपयोग? दोन ठिपके खेटून असले तर ते दोन आहेत हे कळलं पाहिजे. ती ताकद खालच्या भिंगाची." मग नवं भिंग फिरवलं, काचेवर तेलाचा थेंब टाकला. आणि काय सांगू, चक्क दोन! मध्ये फटसुद्धा.

"तेल कशाला?" मी विचारलं.

"तेल नसेल तर बारीक दिसतच नाही. जुन्या भिंगाला चरे पडलेत. कुणीतरी घासलंय."

बादली तिथेच ठेवून मी बाहेर येऊन बसले.

मीच घासलं होतं गं. वैशाखात, एका शनिवारी. भिंगाला तेल, तेलाला धूळ. मला तेलकट वस्तू बघवत नाही, तुला ठाऊक आहे. भांड्याची पावडर घेतली, लखलखेपर्यंत घासलं. वर स्वतःवर खूश झाले.

सोमवारी तू म्हणालीस, "आजी, सगळं धुरकट दिसतंय." आणि मी म्हटलं, "बघ अजून मोबाइल पडल्या पडल्या." तू बिचारी चष्मा करून आलीस. त्याच आठवड्यात त्या पुस्तकं बांधणाऱ्या माणसाच्या थुंकीत तुला क्षयाचे जंतू दिसले नाहीत. महिन्यानं तो रक्त ओकला आणि सगळे तुझ्यावर तुटून पडले. मीही म्हटलं, "लक्ष नसतं पोरीचं." आता बरा आहे तो, औषधं चालू आहेत. परवा जिना चढून आला.

आता खरं लिहिते. घासलं तेव्हा मला कळत नव्हतं. पण तुला कामावरून काढलं त्या दिवशी ती पावडर आठवली होती. आठवली आणि मी गप्प बसले. पाच-सहा महिने. नोकरी जाईल म्हणून नाही; या वयात मला कोणी अडाणी म्हणेल, म्हणून.

आज डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी जुनं भिंग उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "मीही तपासायला हवं होतं." चूक भिंगाची होती, तुझी नव्हती, असं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय. कागद सोबत आहे. हवा तिथे दाखव. तुझी जागा अजून रिकामी आहे, असंही म्हणाले. मला त्या खोलीत जायची बंदी झाली. बरोबरच आहे.

तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. आज जेवताना सांगणार आहे.

ये म्हणायला मला तोंड नाही. तुझे डोळे चांगले आहेत, एवढं मात्र ठामपणे लिहिते.

तुझ्यावर आळ येऊ देणारी,
आजी