दादाच्या कपाळावरचा तुझा हात

आई, आज पुन्हा कुणाचं तरी रक्त नळीत घेताना तुझी आठवण आली आणि दादाचा राग आला. नागपूरच्या प्रयोगशाळेत मी हेच करते. दुखापत झाली की शरीर स्वतःच अफूसारखी वेदना मारणारी पेप्टाइडं तयार करतं, पण रक्तातली विकरं त्यांचे लगेच तुकडे पाडतात. म्हणून नळीत आधीच त्या विकरांना अडवणारे रोधक घालून ती बर्फात ठेवावी लागते, नाहीतर मोजायला काही उरतच नाही. रक्तातही असे नैसर्गिक रोधक असतात. ते त्या तोडफोडीला थोडा वेळ थोपवून धरतात.

लहानपणीचा तो पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटतायत, गोटमार रंगात आलीय, आणि दादा कपाळ फोडून घेऊन दारात हसत उभा. "दुखूनच नाही राहिलं व माय!" जखमेवर मंदिरातली भभूत फासून तो पुन्हा नदीवर पळाला. संध्याकाळी मात्र ठणका सुरू झाला. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, कपाळावर हात ठेवून, हळू आवाजात काहीतरी सांगत. मी चुलीपुढे होते. तव्याला माझं मनगट लागलं, तर तू तिथूनच म्हणालीस, "पाण्यात धर हात. होते बरं." अस्सा जळफळाट झाला माझा! दगड खाल्ल्याशिवाय या घरात मांडी मिळत नाही, असं मी ठरवूनच टाकलं. वेदना हाच विषय का घेतला, असं लोक विचारतात. मी काहीतरी भारदस्त उत्तर देते.

परवा सौंसरला दादाकडे गेले होते. संत्री सोलत त्याला रोधकांचं समजावून सांगितलं आणि टोमणाही मारला, तुला तर घरचाच मिळाला होता, आईचा हात. तो हसायला लागला.

"मालूम हाय तुले, माय तवा काय सांगे? तुह्याच गोष्टी. पोरगी रडत नाही, लय हुशार हाय, मोठी होईन. माहं डोकं ठणकून राहिलं, अन् हिचं आपलं तुह्यं कौतुक!"

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. परतीच्या बसमध्ये रडले ती जळूनच. माझं कौतुकसुद्धा तुझ्या तोंडून त्यालाच ऐकायला मिळालं.

हे पत्र कुठे पाठवता येत नाही, तेच बरं. पोचलं असतं तरी तू ते त्याचं डोकं मांडीवर घेऊनच वाचलं असतंस. आणि मी चुलीपुढून कान देऊन ऐकलं असतं.