कुंकवाखालचा लाल दिवा

बाबा, परवा सकाळी मी गाडीची किल्ली फिरवली, मीटरमधल्या सगळ्या दिव्यांनी हजेरी दिली, मग एकेक करून ते विझले आणि एक पिवळा तेवढा तसाच राहिला. इंजिनाच्या चित्राचा. असला दिवा तुमच्या जीपला नव्हता, आणि मी गाडी चालवते हेही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. मी गाडी चालवायला शिकले ती शेहेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळायला लागतात. आता पन्नाशी आली आणि डोणगावहून मेहकरच्या शाळेत रोज स्वतःच जाते-येते. सुरुवातीला गावात लोक हसले. आता त्यांच्याच बायका सकाळी फाटकाशी येऊन विचारतात, मॅडम, जागा आहे का हो गाडीत.

परवा शाळेत जायचं नव्हतं, आईला बुलढाण्याला न्यायचं होतं. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. याआधी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा तिने मोडली. एकदा म्हणे सर्दी झाली, एकदा म्हणे घरात पाहुणे येणार, जे आलेच नाहीत. या वेळी कशीबशी तयार झाली होती. नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन पायरीवर बसली होती, आणि मी मीटरकडे बघत बसलेली पाहून तिच्या लक्षात आलंच.

"काय झालं वं? गाडी बिगडली काय?"

"एक दिवा लागलाय आई. बघते."

"मंग राहू दे. मोतीबिंदू काही पयून चालला नाही." आणि पाठोपाठ घाईघाईने म्हणाली, "म्या तं हातबी नाही लावला बाप्पा गाडीले. काहीच नाही लावलं म्या."

बाबा, तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. गाडी माझी, दिवा पिवळा, आणि अडतीस वर्षांपूर्वीच्या एका लाल दिव्यासाठी ती अजून स्वतःची बाजू मांडत होती. मला फार वाईट वाटलं. वाईट म्हणजे, मनापासून लाज वाटली.

तुम्हाला तो दसऱ्यानंतरचा दिवस आठवत असेल. मी बारा वर्षांची आहे. दसऱ्याला आईने जीपची पूजा केली आहे, चाकांना, बॉनेटला, स्टिअरिंगला हळदकुंकू, आणि आत मीटरच्या काचेवर पाच बोटांनी भरघोस कुंकू, देवीच्या दगडी तांदळ्याला लावतात तसं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळची पहिली खेप घेऊन मेहकरला निघाला आहात. मागे प्रवासी कोंबलेले, पुढे तुमच्या बाजूला मी, सुट्टी असली की ती जागा माझी. गाव सोडून थोडं पुढे गेलो आणि काचेवरचं एक बोट आतून उजळलं. कुंकू पेटल्यासारखं. मी टक लावून बघत राहिले. मला वाटलं, देवी आली. आईच सांगायची की देवीचं काही दिसलं तर बोलून दाखवू नये, बोललं की ते जातं. म्हणून मी हात जोडले, तोंड मिटलं आणि गावाला पुरेल एवढं मागून घेतलं. त्यात गणितात पास होणंही होतं. तुमची नजर रस्त्यावर, वर ऊन, तुम्हाला ते दिसणं शक्य नव्हतं. मेहकर दिसायच्या आत इंजिनातून कडकड आवाज आला आणि जीप जागच्या जागी बसली. खालून ऑइल गळून गेलं होतं, आणि ते सांगणारा दिवा कुंकवाच्या मागे जळत होता.

तुम्ही बॉनेट उघडलंत, खाली वाकलात, मग आत येऊन काच पुसलीत. तुमच्या अंगठ्याला कुंकू लागलं होतं. मला विचारलंत, "तू तं समोरच बसली होती. लाल दिवा दिसला काय तुले?"

मी म्हणाले, "नाही बाबा."

घरी आल्यावर आई पाणी घेऊन पुढे आली तर तुम्ही तांब्याही हातात घेतला नाहीत. "कोनं सांगतलं होतं तुले काचीवर कुंकू फासाले? गाडी हाय ते, सवाष्ण नाही!" आई "चुकलं माहं" म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली. मी दाराआड उभी होते. जीप गॅरेजमध्ये पडून राहिली आणि तुम्ही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसलात. ते दिवसही सरले. पण तुमचं ते वाक्य काही सरलं नाही. मिक्सर बिघडला, हापशाला पाणी येईना, रेडिओ खरखरला, की तुम्ही आईकडे बघून म्हणायचात, "कुंकू लावलं असंन." पाहुण्यांपुढेही म्हणायचात. तुमच्या मनात काही नसायचं, गंमत होती ती, आणि आईही हसायची. पण त्यानंतरच्या एकाही दसऱ्याला तिने गाडीला कुंकू लावलं नाही. तुम्ही नारळ फोडायचात आणि ती ताट धरून दारात उभी असायची. मी तिच्या बाजूला उभी असायचे, आणि प्रसादाचं खोबरं मला गोड लागायचं, तेही सांगून टाकते.

आणि मला काय मिळालं? विद्या. तुम्ही ठरवलंत की पोरीला दिवे वाचता आले पाहिजेत. जीप दुरुस्त होऊन आली त्याच आठवड्यात तुम्ही मला मांडीवर नाही, सरळ ड्रायव्हरच्या जागी बसवलंत. "चाबी फिरव. अर्धीच. आता पाह्य. साऱ्यायनं हाजरी देली पायजे. लाल म्हणजे आत्ताच थांब. आन जो दिवा हाजरीलेच लागत नाही, त्याचं भेव जास्त धर. तो मुका झाला, तो तुले काय सांगीन?" एवढं सोपं करून बीएडच्या कॉलेजातही मला कोणी शिकवलं नाही. मी वर्गात हजेरी घेते तेव्हा अजून ओरडणाऱ्या पोरांपेक्षा गप्प बसणाऱ्यांकडे आधी बघते. ते तुमचंच. आईला मात्र तुम्ही कधी तिथे बसवलं नाहीत.

तर परवाचं सांगते. जावई तुमचे बाहेर आले, तहसिलात बाबू आहेत, प्रत्येक अडचणीवर अर्ज करायची सवय. म्हणाले, "मी दुसरी गाडी सांगतो न. तू काऊन हात काळे करून राह्यली?" मी म्हटलं, अर्धा तास द्या. दुसरी गाडी येईपर्यंत आई पिशवी घेऊन आत गेली असती आणि मग तिला बाहेर काढणं माझ्याच्याने झालं नसतं. दिवा पिवळा होता, लुकलुकत नव्हता, इंजिनाचा आवाज सरळ होता. तरी मी गाडी बंद केली, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून चिंधीने पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये. पाणी बरोबर. आता एक नवं यंत्र मिळतं बाबा, काडेपेटीएवढं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, त्यात खोचायचं, की गाडीचं दुखणं मोबाइलवर लिहून येतं. मला वाटतं तुम्ही ते पाहिलं असतंत तर दोन दिवस जेवला नसता. मोबाइलने सांगितलं, धुराच्या नळीवर एक सेन्सर असतो, त्याच्या वायरीत खोट आहे. आता यंत्र खोट सांगतं, पण ती कशाने झाली ते सांगत नाही, ते आपणच वाकून शोधायचं. मी हातातल्या बॅटरीच्या उजेडात त्या वायरीच्या मागे मागे गेले तर पुढे उंदरीणबाईंचा संसार. कापूस, तुरीची टरफलं आणि तहसिलातल्या एका कागदाचा कोपरा, गोल शिक्क्यासकट. वायरीचं वरचं आवरण कुरतडलेलं, आत तार तुटलेली. यांना म्हटलं, घ्या, तुमच्या ऑफिसचा हात आहे यात. ते हसले आणि मुकाट्याने चिकटपट्टी शोधून आणली.

घरटं काढलं, पिल्लं नव्हती म्हणून बरं वाटलं. तार पिळून जोडली, वर पट्टी गुंडाळली, मोबाइलवरून जुनी नोंद पुसली आणि किल्ली फिरवली. हजेरी झाली, सगळे विझले. पिवळाही विझला. मी पाच मिनिटं गाडी चालू ठेवून बघत राहिले, तो परत आला नाही. ही जोडणी कच्ची होती, पुढच्या दिवशी मिस्त्रीकडून पक्की करून घेतली, त्याची काळजी करू नका. आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "झाली बी?" आणि जराशी हिरमुसली.

चिखली मागे पडेपर्यंत मी रस्त्याकडेच बघत चालवत राहिले. मग म्हटलं, आई, तो दसरा आठवतो? ती लगेच खिडकीकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं. दिवा मला दिसला होता. कुंकवातून दिसला होता. बाबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, तू काचेवर काही लावलं असतंस किंवा नसतंस, मी तोंड उघडलं असतं तर इंजिन वाचलं असतं. गाडी मी हळू चालवत होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, रडते की काय, ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यांत पाणी नको.

ती म्हणाली, "म्हंजे कुंकवातून दिसत होतं?"

"हो."

"लय चमकत होतं काय?"

"खूप आई. मला देवी आली असंच वाटलं."

"मंग?" ती एकदम माझ्याकडे वळली आणि हसायलाच लागली. "मंग झाकलं कुठी होतं म्या? तुह्या बापालेच नाही दिसलं!" आणि मग बुलढाणा येईपर्यंत ती तुम्हाला बोलत होती बाबा. वाईट काही नाही. चाळीस वर्षांचं साचलेलं बोलणं होतं, मिक्सरपासून हापशापर्यंत. दवाखान्यात पायऱ्या चढताना तिने माझा हात धरला नाही, पुढे गेली. ऑपरेशन छान झालं. परत येताना डोळ्यावर पट्टी, आणि विचारते, "येत्या दसऱ्याले लावू देशीन काय माह्या हातानं?" मी म्हटलं, चाकांना, बॉनेटला, हवं तर माझ्या कपाळालाही, फक्त काच सोड. ती म्हणाली, "काच तं सोडीनच. आता मी अडानी राह्यली काय?"

आज ती ओसरीवर बसून शेजारणीला सांगते आहे की आमच्या जीपमध्ये एकदा देवी आली होती. गोष्ट दर खेपेला थोडी वाढते आहे. मी इथे आत बसून तुम्हाला लिहिते आहे, हे पत्र टाकायला पेटी नाही हे ठाऊक असून, आणि मला बरं वाटतं आहे. एकच राहिलं.

चिखलीच्या पुढे आईने मला विचारलं होतं, "मंग बापाले काऊन नाही सांगतलं? मारलं असतं काय त्यानं तुले?" मी म्हणाले, घाबरले होते. तिने मान हलवली, तिला ते पटलं. पण ते खरं नाही, बाबा. तुमचा मला कधीच धाक नव्हता. तुम्ही काच पुसलीत आणि तो दिवा उघडा पडला, तेव्हाच मला कळलं होतं की ती देवी नव्हती. दिसला होता म्हणाले असते, तर ज्या पोरीला दिसूनही सांगता येत नाही तिला तुम्ही परत पुढे बसवलं नसतं. मी मागे प्रवाशांत गेले असते. त्या जागेसाठी मी आईला पुढे केलं, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.