कोपराने वाजणारी मशकबीन

स्नेहलतागंज, इंदूर
१२ फेब्रुवारी १९५४

चि. बाळकृष्णभावजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. बेबी सात वर्षांची झाली. शाळेत पाढे म्हणते आणि घरात हुकूम सोडते. महिनाअखेर तुम्ही सॅनेटोरियममधून सुटणार हे वाचून तुमच्या दादांनी देवापुढे साखर ठेवली. पण घरी यायच्या आधी ग्वाल्हेरला जाऊन सरकारजमा झालेली मशकबीन परत मागायला मंत्र्यांना भेटणार, असंही लिहिलंत. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आधी हातमोज्यांचं सांगते. दीड वर्षापूर्वी मोजे विणायचे म्हणून तुमचे पंजे कागदावर आखून मागवले होते. तुम्ही विचारलंत, वहिनी, इंदुरात बर्फ पडायला लागला का? मोजे विणलेच नाहीत. तो कागद आयर्लंडला गेला.

तुमच्या संस्थानी बँडच्या बँडमास्तर साहेबांनी मायदेशी जाताना तिथल्या एका कारागिराचा पत्ता दिला होता. एकटाच, मागच्या खोलीत बसून मशकबिनी बनवतो, तिकडे बॅगपाइप म्हणतात. वाजवणाऱ्याच्या बोटांचं माप मिळाल्याशिवाय भोकं पाडत नाही. त्याची मशकबीन तुमच्या जुनीसारखी तोंडाने फुंकायची नसते. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, खुर्चीत बसून वाजवायची. छातीला काही काम नाही. एका फुप्फुसाच्या माणसाला आणखी काय हवं?

सोमवारी पेटी आली. पोस्टमन ती हलवून म्हणाला, "भाभीजी, विलायत से क्या मँगवा लिया? अंदर कोई रो रहा है!"

म्हटलं, "रोने दो भिया, हमारे देवरजी का है."

कारागिराने विचारलं होतं, यांची जुनी मशकबीन कुठे आहे? आठ दिवस मी उत्तर लिहिलं नाही. मग माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत खरं ते लिहिलं. तुम्हाला सांगायचं ते एका परक्याला आधी सांगितलं, याची लाज वाटते.

भावजी, सरकारी शिपाई येऊन मशकबीन घेऊन गेला, हे मी खोटं कळवलं. तुम्हाला सॅनेटोरियममध्ये नेलं त्या दिवशी मीच ती बंबात जाळली. डॉक्टरांनी फक्त अंथरूण जाळायला सांगितलं होतं. पण दोन वर्षांची बेबी मशकबिनीच्या नळीला तोंड लावताना दिसली आणि मी घाबरले. नव्या राज्याची राजधानी सहा महिने इथे, सहा महिने ग्वाल्हेरला. तिच्यामागे तुमचे अर्ज पाच वर्षं हिंडले, आणि मी गप्प बसले.

आणखी एक. तुम्ही परत याल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. वाटलं असतं, तर जाळली नसती. यासाठी क्षमा मागायला तोंड नाही.

ग्वाल्हेरला जाऊ नका, तिथे काही नाही. सरळ घरी या. आधी मला पोटभर बोला, मग पेटी उघडा. काकांच्या आधी कुणी हात लावायचा नाही, असं बेबीने सगळ्यांना बजावलंय.

कारागिराने तुमच्या पंजांचा कागद परत पाठवलाय. तो मी ठेवून घेतला. आता खरंच मोजे विणते आहे, एक झालाय.

या वेळी तुमची वाट पाहणारी,
प्रेमलतावहिनी