कोकराची साक्ष नामंजूर

गंगाखेडजवळच्या वस्तीवरून,
फाल्गुन, सन १९५८

तीर्थरूप दत्तरावमामांच्या पायांवर मल्हारीचा दंडवत. इकडे आम्ही धडधाकट आहोत, मानवतची मंडळीही तशीच असावीत. मामींची गुडघेदुखी कशी आहे, असं आई विचारत होती. (आईने माझ्याशी अबोला धरला आहे, पण मामींच्या गुडघ्यांपुरती बोलली.) पत्रास कारण की, तुम्ही दिलेलं तर्काचं पुस्तक परत पाठवतो आहे आणि परभणीच्या कारकुनाच्या परीक्षेला मी बसणार नाही. का, ते सांगायची लाज वाटते, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

पुस्तकाचं आणि माझं पहिल्यापासून जमेना, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ‘सर्व मेंढ्या पांढऱ्या आहेत असे समजा’ हे पहिलंच वाक्य. ज्याचा जन्म मेंढरांमागे गेला त्याने हे कसं समजावं? आमच्याकडे काळ्या आहेत, भुऱ्या आहेत, एकीचं तर अर्धंच तोंड काळं आहे. मी उत्तराच्या जागी ही सगळी यादी लिहून काढली. तेव्हा तुम्ही वहीवर लाल पेन्सिलीने लिहिलंत, की पुस्तक म्हणेल ते मुकाट कबूल करायचं, आपल्या डोळ्यांना विचारायचं नाही. मामा, तुमचा शब्द मी फारच मनावर घेतला. पंधरा दिवसांत चाळीस पानं तोंडपाठ केली. उठता-बसता अनुमानं काढू लागलो. (करपलेली भाकरी ज्या अर्थी आमच्या घरात आहे त्या अर्थी ती आईनेच केली, असा निष्कर्ष एकदा मोठ्याने काढला. त्या दिवशी उपाशी राहिलो.)

गेल्या मंगळवारी गोदागंगेवर पाणी पाजताना आमचा कळप आणि येडबा म्हाताऱ्याचा कळप एकमेकांत मिसळला. येडबा तुमच्या पाहण्यात नसेल. एकटा जीव, वीसेक मेंढरं घेऊन दरसाल चारठाण्याकडून इकडे उतरतो. कळप वेगळे केले तेव्हा त्याची एक मेंढी आमच्यात राहिली. तो म्हणाला, ही माझी. लिंबाखाली चार जाणती माणसं बसली होती, त्यांच्यापुढे गोष्ट गेली. अशा वेळी आपल्यात कोकरू सोडतात. ते जिच्या कासेला लागेल ती त्याची आई, आणि तंटा मिटला. येडबाच्या काखेत पंधरा दिवसांचं कोकरू होतंच. तो ते खाली ठेवणार, एवढ्यात मी उभा राहिलो.

मी म्हणालो, कोकराची साक्ष चालायची नाही, कोकराला तर्क कळत नाही. कातरणी झाली की आमच्या सर्व मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा असतो. हिच्या पाठीवर गेरूचा पट्टा आहे. म्हणून ही आमची. वर ‘निष्कर्ष’ आणि ‘सिद्ध झाले’ असे शब्द टाकले. चिलीम भरून आण, याखेरीज ज्यांनी आजवर मला काही म्हटलं नव्हतं, ती माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. येडबाने कोकरू पुन्हा काखेत घेतलं. “शिकल्यालं पोरगं हाय, त्ये म्हणतंय तर आसंल तसंच,” एवढं म्हणून गेला. आता गेरू काय, सगळा तालुका मानवतच्याच बाजारातून आणतो आणि सगळेच पट्टे ओढतात, पण त्या घडीला हे कोणालाच आठवलं नाही. मला आठवलं होतं. मामा, खरं सांगतो, मेंढीचं तोंड पाहिल्याबरोबर मला कळलं होतं की ही आमची नव्हे. आमचं मेंढरू ओळखायला मला गेरू कशाला लागतो? तरी बोललो, कारण बोलताना फार बरं वाटत होतं. तेच आता अंगाला खातंय.

मेंढी चरत नाही. कास भरून टणक झाली आहे. काल आई तिचं दूध मोकळं करत बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिकडं त्ये लेकरू काय पीत आसंल?” मला जेवण गेलं नाही. ज्या विद्येने पहिल्याच फटक्याला म्हाताऱ्याची मेंढी ओढून आणली, ती कचेरीत बसून आणखी काय करील याचा धाक वाटतो.

आपला शरमिंदा भाचा,
मल्हारी

ता. क. खरं काम असं, की रविवारी तुम्ही येऊन मेंढी येडबाकडे पोचती करावी. वाटेत सापडली म्हणा. माझं नाव काढू नका.

ता. क. दुसरा. पुस्तक फडक्यात बांधताना एकेचाळिसावं पान उघडलं. तिथे माझंच अनुमान छापलं आहे. सर्व मास्तरांच्या डोक्यावर टोपी असते, याच्या डोक्यावर टोपी आहे, म्हणून हा मास्तर. वर लिहिलं आहे, ‘नेहमी होणारी चूक’.

ता. क. तिसरा. रविवारी येऊ नका. पत्र आईला वाचून दाखवलं. रविवारपर्यंत कोकराने काय करावं, असं विचारून तिने दावं माझ्या हातात दिलं. आत्ताच जाऊन आलो. कोकरू शेळीच्या दुधावर तगलं होतं, मेंढी दिसताच धडपडत आलं. मी येडबाला सगळं सांगितलं, ठाऊक असून बोललो हेसुद्धा. तो म्हणाला, “तुला ठावं हाय ह्ये मला ठावंच व्हतं की. पर चार माणसांत पैल्यांदाच बोलायलास, परीक्षा जवळ आलीया. तुजा शबुद कशाला पाडावा म्हणलं.” मग त्यानेच परीक्षा कधी आहे ते विचारलं. मान वर न करताच मी सोमवार सांगितला. पुस्तक पाठवत नाही. एकेचाळीसपासून पुढचं वाचायचं राहिलं आहे.