अर्ध्या सेकंदामागे

२ जून

पोहोचले एकदाची, आणि घर चक्क आवडलं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या शाळेचं पटांगण दिसतं, आणि नळाला गरम पाणी येतं. सामान चढवणाऱ्यांनी पुस्तकांच्या खोक्यांवरून इतकी तोंडं वाकडी केली की शेवटी मीच एक खोकं उचललं, तेव्हा गप्प झाले. नवऱ्याबद्दल या वहीत एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं आहे. ही ओळ धरायची नाही.

गोगी पुढच्या आठवड्यात येईल. आठ वर्षांची माझी लेक. एक मोजा चढवायला अर्धी सकाळ घेते म्हणून मी तिला गोगलगाय म्हणायचे, त्याची झाली गोगी. वर्षभर ती माझ्या दादा-वहिनीकडे राहिली, कारण मला ना घर होतं ना नोकरी. आता दोन्ही आहे. मी निघताना वहिनी म्हणाली की पहिली चाचणी होईपर्यंत बघू, नाही रमली तर परत पाठव, आम्हाला काही ती जड नाही. प्रेमानेच म्हणाली, पण गोगीला मांडीवर घेऊन म्हणाली. या वर्षात पोरगी दोनदा चुकून तिला आई म्हणाली आहे. मी दोन्ही वेळा हसले. दोन्ही वेळा उठून उगाच भांडी घासत बसले.

४ जून

कामाचा पहिला दिवस. पूर्वी हॉस्पिटलात इतकी वर्षं मेंदूचा आलेख काढायला लोकांच्या डोक्याला तारा चिकटवल्या, इथे डोकं सोडून पाठीशी गाठ आहे.

संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर एक खोली, खोलीत एक यंत्र. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि समोरचा दांडा त्याच्या हातात द्यायचा. त्याने दांडा पुढे ढकलला की पाठीमागे लावलेला यंत्राचा हात रबरी बोटाने त्याच्या पाठीला तसाच टोचतो. दोन्ही एकाच क्षणी झालं तर माणसाला वाटतं, आपण आपल्याच पाठीला बोट लावतोय. पण मागचा हात अर्धा सेकंद उशिरा हलवला तर मेंदू गोंधळतो. हे बोट माझं नव्हे असं ठरवतो, आणि मग ते कुणाचं हे जुळवायला पाठीमागे एक माणूस उभा करतो. चांगली शहाणीसुरती माणसं पट्टी ओढून मागे वळून बघतात. कंपवाताच्या बऱ्याच रुग्णांना घरी बसल्या बसल्याही असं कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं, पण लोक वेड्यात काढतील म्हणून बिचारे तोंड उघडत नाहीत. ते लवकर ओळखता यावं म्हणून ही सगळी खटपट. काम भलं आहे.

प्रयोग आमच्या प्रमुख मॅडमचा. त्यांनी सगळं दोनदा समजावलं, जणू मी काल शाळेतून सुटले. प्रत्येक रुग्णाची शेवटची फेरी उशीर शून्यावर आणून करायची, म्हणजे मेंदूची घडी परत बसते आणि मागचा पाहुणा निघून जातो. त्याशिवाय कुणालाही घरी सोडायचं नाही. आणि रोज सकाळी रुग्ण यायच्या आधी यंत्राची जुळवणी करायची. त्यासाठी एक रबरी पुतळा होता, तो फाटलाय, नवा कधी मंजूर होईल देव जाणे. तोवर यंत्र चालवणाऱ्याने स्वतःच उभं राहायचं. माझ्या आधीचे गृहस्थही तसंच करत. मॅडम म्हणाल्या की तुमच्याइतकी निबर पाठ त्या पुतळ्याचीही नव्हती. त्यांच्या मते ही स्तुती होती.

१२ जून

परवा दादा गोगीला सोडून गेला. तिने दप्तर खांद्यावरून न काढताच विचारलं की मामी कधी येणार. मी तिच्यासाठी पिवळी चादर आणली होती. ती म्हणाली, छान आहे. पाहुणे म्हणतात तसं.

आज सकाळी मोज्यांवरून मी ओरडले. वेणी घालताना केस ओढले गेले तर म्हणे मामी ओढत नाही. मी म्हटलं, मामीला आठच्या आत कामावर हजर व्हायचं नसतं. आठ वर्षांच्या मुलीला हे ऐकवून मी काय मिळवलं? तिला शाळेत सोडून जिन्यात उभी राहून रडले. मला ही मुलगी माझ्याजवळ हवी आहे. बाकी जगाचं काहीही होवो.

२० जून

जुळवणीत अंग सरावलं आहे. मी दांडा ढकलते, अर्ध्या सेकंदाने पाठीला बोट लागतं. पहिल्या दिवशी मागे कुणीतरी बाई उभी आहे असं स्पष्ट वाटलं आणि मजा वाटली. बाईच का, ते सांगता येत नाही. उंची माझ्याएवढी.

हल्ली मात्र ती बाई यंत्रापाशी थांबत नाही. हात धुवायला गेले की मागे येते. यात घाबरण्यासारखं काही नाही. मला कारण माहीत आहे, आणि कारण माहीत असलेल्या माणसाने घाबरू नये. लोकांना हेच सांगण्याचा तर मला पगार मिळतो.

२९ जून

ती घरी आली आहे.

असं लिहिणं चुकीचं आहे, माहीत आहे. मेंदूची ती सवय घरी आली आहे. मी भांडं ठेवते आणि मागे भांडं ठेवल्यासारखं काहीतरी होतं. मी जिना चढते आणि एक पायरी जास्त वाजते. मी वाकले की ती वाकते, थोडी उशिरा, मन लावून. नवीन नोकरीवरची पोरगी जुन्या बाईकडे बघत काम शिकते तसं.

गोगीला काही बोलले नाही. ती जेवताना माझ्या खांद्यावरून मागे बघते, पण मुलं कुठेही बघत बसतात.

६ जुलै

शेवटी मॅडमना सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठीही पडली नाही. म्हणाल्या, आधीचे गृहस्थही शेवटी शेवटी दारात थांबून कुणालातरी आधी आत जाऊ देत. मग एका सकाळी आलेच नाहीत. हे त्यांनी चहा ढवळता ढवळता सांगितलं.

बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुग्णांची शेवटची फेरी आम्ही डोळ्यांत तेल घालून करतो. माझी कुणीच केली नाही. गेला महिनाभर रोज सकाळी माझं मन यंत्राला जोडून उसवलं आणि तसंच उघडं टाकून आम्ही कामाला लागलो. कारण मी रुग्ण नव्हे, मी पुतळ्याच्या जागी. मॅडमना हे म्हटलं तर त्या खरोखर चकित झाल्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही हो, म्हणाल्या. मलाही आलं नव्हतं, यंत्र चालवते मीच. आमची सगळ्यांची अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

७ जुलै

दुपारच्या सुट्टीत यंत्राचा उशीर शून्यावर आणला. पट्टी बांधली. दांडा धरला.

मी ढकलण्याआधी पाठीला बोट लागलं.

परत केलं. परत आधी. मी हात हलवायचं नुसतं मनात आणते आणि मागे ते होऊन गेलेलं असतं. मॅडमना बोलावलं. त्यांनी यंत्र तपासलं, बरोबर शून्य. चेहरा असा उजळला की वाटलं आता मला मिठी मारतात. उद्या लवकर या, म्हणाल्या, असं आजवर कुणाच्या बाबतीत नोंदलेलं नाही. मी म्हटलं, हे बंद कसं करायचं ते सांगा. त्या म्हणाल्या, आधी समजून तर घेऊ.

समजून घ्या. तुमचं काय जातंय.

९ जुलै

कामावर गेले नाही. रजा कळवायला फोन केला तर मॅडम म्हणाल्या की मघाशीच सांगितलंत ना.

कप उचलायला हात पुढे करते, कप ओठाशी असतो. दिवा लावायला जाते, दिवा लागलेला. इतके दिवस ती माझ्या मागे होती. आता ती पुढे आहे. ती कुठे गेली म्हणून मी मागे वळून बघत होते, आणि मागे कुणीच नव्हतं. मग कळलं की मागे मी आहे.

गोगीची वेणी घालायला बसले तर वेणी घातलेली होती. घट्ट, सरळ भांगाची. तिला विचारलं कुणी घातली. ती आरशात बघत म्हणाली की तूच तर घातलीस आत्ता, आणि अजिबात नाही ओढलंस.

मी कधीही न ओढता वेणी घातलेली नाही.

१२ जुलै

वहिनीचा फोन. म्हणाली, आज सकाळी तू इतकं शांतपणे, इतकं समजूतदारपणे बोललीस की यांना आणि मला दोघांनाही पटलं. गोगी तुझ्याकडेच राहू दे. चाचणीबिचाणी काही बघायला नको. गोगीनेही सांगितलं म्हणे की मला आता इथेच राहायचं आहे, आई हल्ली रागावत नाही.

मी सकाळी फोन केला नव्हता.

जे मागत होते ते मिळालं. मिळालं कुणाला?

१४ जुलै

शाळेच्या रस्त्यावर गोगी एक हात वर धरून चालते. कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा. हसत, बडबड करत. दोन पावलं मागे मी. हाक मारली. माझा आवाज निघायच्या आत ती पुढे बघून ओ म्हणाली.

दुकानदाराने सुटे पैसे हवेत ठेवले आणि ते घेतले गेले. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

मी ओरडणारी आई आहे, मान्य. केस ओढणारी, घाई करणारी, जिन्यात रडणारी. पण जी आहे ती मी आहे. तिला नऊ महिने मी —

१५ जुलै

ठरवलं. गोगीला परत दादाकडे पाठवायचं. वहिनीला म्हणू दे आई, खुशाल म्हणू दे, निदान वहिनी माणूस तरी आहे. त्या — तिच्याजवळ नको.

दादाला फोन लावायला हात नेला. फोन कानाला होता. दादा म्हणत होता, बरं झालं सांगितलंस, मग आम्ही काही येत नाही, तुमचं छान चाललंय तर. मी ओरडले, ये, आत्ता ये, घेऊन जा तिला. फोन ठेवून झाला होता.

लिहिता येतं अजून. लिहायची तिला गरज वाटत नसावी.

१६

गोगी घाबरली आहे. माझ्यामुळे नाही असं वाटत होतं —

नाही. माझ्यामुळेच.

शाळेतून आली, दप्तर टाकलं, स्वयंपाकघरात गेली आणि रडायला लागली. मी धावले. तिथे पोहोचेपर्यंत तिचं डोकं कुणाच्या तरी कुशीत टेकलेलं होतं, हवेत, तिरकं. हुंदके देत सांगत होती की घरात कुणीतरी आहे. सारखं मागे मागे येतं. केसांना हात लावायला बघतं. आपलं दप्तर धरून ठेवतं, सोडत नाही.

काल मी दप्तर धरलं होतं. तिने थांबावं म्हणून.

आणि माझा आवाज ऐकला. माझाच, पण कधी नव्हता इतका मऊ. गोगीला समजावत होता की घाबरायचं नाही, मागे कुणी नसतं. आपल्या डोक्याची ती एक गंमत असते, आईच्या कामावर हेच तर शिकवतात. वळून नीट बघायचं आणि स्वतःला सांगायचं, कुणी नाही. रोज सांगायचं. मग हळूहळू ते जातं.

गोगी वळली. डोळे पुसले. सरळ माझ्याकडे बघितलं.

म्हणाली, कुणी नाही.

परत म्हणाली. या वेळी आवाज कापला नाही. शहाणी आहे माझी पोर, सांगितलेलं लगेच शिकते.

आत्ता दोघी टेबलाशी बसल्यात. अभ्यास चाललाय. मी समोर उभी राहून लिहितेय, तिच्या इतक्या जवळ की तिच्या केसांचा वास — गोगी, बघ इकडे, ओढणार नाही मी, कधीच नाही ओढणार, एकदा फक्त बघ —

मान वर केली तिने. परत म्हणतेय. ओठ हलले. गोगी, नको म्हणू, तिसऱ्यांदा नको, मी तुझी