चारशे बारा ठोके

२ मार्च

नाक कापलं गेलं! तीन महिने मीटर खांद्याला लावून उन्हात फिरले, अख्ख्या शहराचा आवाजाचा नकाशा काढला, आणि कारखान्याच्या मॅनेजरने आज पालिकेच्या आवाज समितीच्या बैठकीत एका वाक्यात पाणी फिरवलं. "नकाशावरचा वसाहतीतला लाल पट्टा मालगाड्यांचा आहे हो, आमच्या यांत्रिक घणाचा नाही. वेगळा काढून दाखवा, घणाखाली नवा पाया घालतो." समितीने पंधरा दिवस दिले.

मी त्याच वसाहतीत राहते, हेही त्याने हळूच सुचवलं. राहते! म्हणून तर माहीत आहे. शेजारच्या वहिनीचं बाळ ठोक्या-ठोक्याला दचकून उठतं. तिचे डोळे खोल गेलेत.

५ मार्च

डोकं पिकलं. डब्यांचा खडखडाट, घणाचा ठोका — आलेखावर सगळी टोकं सारखीच. कुठलं कुणाचं?

८ मार्च

बाबा! माणूस घरातच होता आणि मी गावभर शोधत होते!

बाबांनी तीस वर्षं त्याच घणावर काढली. कान तिथेच गेले. आता कानाशी ओरडून काहीही विचारा, उत्तर एकच — "जेवलो, जेवलो." आज दुपारी मालगाडी धडधडत होती आणि बाबा खुर्चीत, अनवाणी पाय फरशीवर, बोटाने गुडघ्यावर ठेका धरून. पाटीवर लिहून विचारलं, काय करताय? म्हणाले, "घण चाललाय ना. आज कुणी नवखा दिसतोय, फार घाई करतोय."

तळपायांनी ऐकतात!

११ मार्च

लॅपटॉपची एक कळ बाबांना नेमून दिली. ठोका कळला की दाबायची. शेजारी मीटर चालू. तासभर हलले नाहीत, चहा गार झाला. ४११ ठोके, प्रत्येकाची वेळ सेकंदासकट.

१७ मार्च

जिंकलो!!!

बाबांच्या वेळा आलेखावर बसवून दाखवल्या. सगळ्यात उंच टोकं घणाची. मॅनेजर म्हणतो, "बहिऱ्या माणसाची साक्ष?" अध्यक्षबाई खमक्या. त्याच्याकडूनच घणाच्या मोजणीची नोंद मागवली. त्या तासात ठोके ४१२. "बघा, एक चुकला!" हा ओरडला. मी शेजारी बसलेल्या बाबांना पाटीवर लिहून दाखवलं.

"शिंक आली होती," बाबा म्हणाले.

सगळी खोली हसली, मॅनेजरसुद्धा. नवा पाया मंजूर! परत येताना भर रस्त्यात बाबांना मिठी मारली. "अगं, लोक बघतायत," म्हणाले, पण छाती दोन इंच फुगली होती.

१९ सप्टेंबर

स्प्रिंगांवरचा पाया तयार. घण सकाळपासून चालू आणि मी मीटर घेऊन वसाहत पालथी घातली. लाल पट्टा गेला! वहिनीने दारातूनच ओठांवर बोट ठेवलं. बाळ सलग तीन तास झोपलंय. ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

२० सप्टेंबर

बाबा सकाळपासून अनवाणी. खुर्ची या खोलीतून त्या खोलीत नेऊन बसतायत. शेवटी मला विचारलं, "कारखाना बंद पडला का गं?"

मी पाटी हातात घेतली. त्यांना ऐकू येणारा तो एकच आवाज होता.